३,००० मैल : एका आकड्याचे चरित्र

१/
मोटारीच्या इंजिनातील तेल किती दिवसांनी बदलावे? प्रश्न गॅरेजमधला वाटतो. पण त्याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे. कधी ५०० मैल, कधी १,००० मैल, कधी ६,०००, मग पुन्हा ३,०००, आणि आज भारतातील बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. हा आकडा ठरवला कोणी? कशाच्या आधारे? आणि ज्या कारणांसाठी तो ठरला ती कारणे संपल्यावरही तो लोकांच्या मनात का टिकून राहिला? या धाग्यात त्या आकड्याचे चरित्र पाहू.

२/
सुरुवात मोटारीच्या आधीपासून करावी लागते. बैलगाडीच्या आसाला वंगण कधी घालायचे, हे गाडीवानाला कोणत्याही पुस्तिकेत पाहावे लागत नसे. आस करकरू लागला की वंगण घालण्याची वेळ झाली, हे गाडीच सांगत असे. इंजिनाची अडचण नेमकी इथेच आहे. तेल निकामी झाले तरी ते बराच काळ काही बोलत नाही. ज्या दिवशी खडखडाट ऐकू येतो, त्या दिवशी बेअरिंगची झीज होऊन गेलेली असते. जे यंत्र वेळेवर तक्रार करत नाही, त्याच्यासाठी माणसाला आधीच एखादा आकडा ठरवून ठेवावा लागतो.

३/
२७ ऑगस्ट १८५९ रोजी पेन्सिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागले. त्याआधी यंत्रांना चरबी, देवमाशाचे तेल आणि वनस्पतींची तेले लावली जात. वाफेच्या इंजिनाच्या उष्णतेत ही तेले टिकत नसत. १८६६ मध्ये डॉ. जॉन एलिस यांनी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे खनिज वंगणाचा कारखाना काढला. पुढे त्याच तेलाला ‘व्हॅल्व्होलिन’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी त्याच राज्यातील रॉचेस्टर येथे व्हॅक्यूम ऑइल कंपनी उभी राहिली. म्हणजे खनिज वंगणाचा धंदा मोटारीपेक्षा वयाने मोठा आहे.

४/
एरंडेल मात्र लगेच हरले नाही. धातूला घट्ट चिकटून राहण्याचा त्याचा गुण अव्वल होता. इंग्लंडमधील चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या तेलाचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले. पहिल्या महायुद्धातील विमानांची रोटरी इंजिनेही एरंडेलावर चालत. या इंजिनांत तेल एका बाजूने आत जाई आणि जळक्या वायूंबरोबर दुसऱ्या बाजूने बाहेर फेकले जाई. आत परत फिरणारे तेल नव्हतेच, म्हणून ‘तेल कधी बदलावे’ हा प्रश्नही नव्हता. प्रश्न फक्त ‘भरले आहे का’ एवढाच.

५/
अगदी सुरुवातीच्या कित्येक मोटारींतही हीच रीत होती : थेंबथेंब तेल सोडायचे आणि ते जळून किंवा गळून संपू द्यायचे. महाराष्ट्रातील वाचकांना ही रीत परकी वाटू नये. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून आलेली टू-स्ट्रोक चेतक स्कूटर पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालत असे. पंपावर पेट्रोलबरोबर तेल मोजून घेतले जाई, आणि ते निळसर धुराच्या रूपाने रस्त्यावर निघून जाई. गिअरबॉक्सचे तेल बदलावे लागे, ही गोष्ट वेगळी. पण पिस्टनला मिळणारे तेल प्रत्येक वेळी नवेच असे. तेल ‘बदलण्याचा’ प्रश्न जन्माला आला तो तेच तेल इंजिनात पुन्हा पुन्हा फिरू लागल्यावर.

६/
१९०८ मध्ये आलेली फोर्ड मॉडेल टी हे या बदलाचे ठळक उदाहरण. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. या गाडीला तेलाचा पंप नव्हता, तेलाचा फिल्टरही नव्हता. चेंबरमधील तेल फिरत्या फ्लायव्हीलने उडवायचे, त्यातले काही एका नळीने पुढे न्यायचे आणि उरलेल्या शिंतोड्यांवर इंजिन चालवायचे. तेलाची पातळी पाहण्यासाठी गाडीखाली वाकून दोन छोटे नळ उघडावे लागत. वरच्या नळातून तेल आले नाही आणि खालच्यातून आले, तर पातळी मधोमध असल्याचे कळे.

७/
अशा गाडीचे तेल साधारण हजार मैलांच्या आतबाहेर बदलावे लागे. १९२७ च्या अखेरीस तिची जागा घेणाऱ्या मॉडेल ए मध्ये तेलाचा पंप आला, पण फिल्टर आला नाही. तिच्या मालकाला दर ५०० मैलांनी, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरनी, तेल बदलण्याचा सल्ला होता. आजच्या वाचकाला हा आकडा अवास्तव वाटेल. पण त्या काळातील इंजिनात नेमके काय काय शिरत होते, हे पाहिले की तो वाजवी वाटू लागतो.

८/
पहिला शत्रू म्हणजे धूळ. रस्ते कच्चे होते आणि इंजिनात जाणारी हवा गाळण्याची नीट सोय नव्हती. दुसरा शत्रू पेट्रोल. थंड इंजिन सुरू करण्यासाठी चोक ओढला की जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये उतरे आणि तेल पातळ करी. तिसरा शत्रू पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक धुरांड्यातून जाते. थोडे पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटते. इंजिन थंड असेल तर तिथेच त्याचे पाणी होते.

९/
धूळ, पेट्रोल, पाणी आणि काजळी एकत्र आली की तेलाचा गाळ बनतो. हा गाळ तेलाच्या वाटा बुजवतो. त्या काळच्या तेलात त्याला रोखणारे काहीही मिसळलेले नसे. ते जवळजवळ निव्वळ शुद्ध केलेले खनिज तेल होते. म्हणून ५०० मैलांचा नियम हा तेलाचे आयुष्य मोजत नव्हता. तो घाण किती वेगाने साचते हे मोजत होता. पुढील सर्व इतिहास समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा : तेल बदलण्याचा आकडा हा केवळ तेलाचा गुणधर्म कधीच नव्हता. तो तेल, इंजिन, इंधन, रस्ता आणि चालवण्याची पद्धत या पाचांचा मिळून होता.

१०/
यानंतर एकेका शत्रूवर उपाय निघत गेला. १९२० च्या दशकात अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्श यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर तयार केला. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘नंतरही शुद्ध तेल’, या अर्थाच्या शब्दांचा जोड करून त्याला ‘प्युरोलेटर’ नाव दिले गेले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो बसवलेला होता. सुरुवातीच्या फिल्टरमधून तेलाचा थोडाच भाग एका वेळी जाई. सर्वच तेल गाळून बेअरिंगकडे पाठवणारी रचना दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली.

११/
तेलाला सामायिक भाषाही मिळाली. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये तेलांच्या वर्गवारीचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. ‘घट्ट’, ‘मध्यम’, ‘पातळ’ अशा विक्रेत्यांच्या मनमानी शब्दांऐवजी पुढे क्रमांक आले. हिवाळ्यासाठीच्या क्रमांकांपुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर लागले. आज डब्यावर दिसणारे ‘१०डब्ल्यू-३०’ म्हणजे थंडीत पातळ राहणारे आणि तापल्यावर फार पातळ न होणारे तेल. अशी बहुगुणी तेले १९५० च्या दशकात सर्वसामान्य मोटारींपर्यंत पोहोचली. त्याआधी उन्हाळ्याचे तेल वेगळे, हिवाळ्याचे वेगळे; ऋतू बदलला की तेल बदलणे भागच होते.

१२/
सर्वांत मोठा बदल मात्र मोटारीमुळे नव्हे, तर ट्रॅक्टरमुळे घडला. १९३० च्या दशकात कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टन रिंगा जळक्या थराने जागीच चिकटून बसू लागल्या. १९३५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्टँडर्ड ऑइल कंपनीने त्यांच्यासाठी मैल धुऊन काढणारे रसायन मिसळलेले तेल बनवले. घाण पृष्ठभागावर साचू द्यायची नाही, तेलातच तरंगत ठेवायची आणि तेल बदलताना बाहेर काढायची, ही त्यामागची कल्पना. आज प्रत्येक इंजिन तेलात असलेल्या ‘डिटर्जंट’चा व्यापारी वापर इथून सुरू होतो. १९४० च्या दशकात झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसयुक्त रसायनही आले.

१३/
या शोधाने एक गैरसमज जन्माला घातला आणि तो आजही जिवंत आहे. जुन्या तेलात घाण इंजिनाला चिकटे, त्यामुळे तेल त्या मानाने स्वच्छ दिसे. नव्या तेलाने घाण स्वतःत घेतली, त्यामुळे ते लवकर काळे पडू लागले. ‘काळे झाले, म्हणजे खराब झाले’ हा डोळ्यांचा न्याय इथे चुकतो. डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच अंतरात काळे होते, कारण ते आपले काम करत असते. डिपस्टिकवरील रंग पाहून निर्णय घेणारा माणूस १९३५ च्या आधीच्या तेलाचा नियम आजच्या तेलाला लावत असतो.

१४/
तेल किती उरले आहे, हे रंगाने कळत नसेल तर कशाने कळेल? याचे उत्तर रेल्वेने दिले. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांतील वापरलेले तेल प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. तेलात लोह वाढले तर सिलिंडर किंवा रिंगा झिजत आहेत. तांबे किंवा शिसे वाढले तर बेअरिंग. इंजिन न उघडता त्याच्या पोटातली खबर मिळू लागली. पुढे अमेरिकी सैन्याने विमानांसाठी ही पद्धत उचलली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडांतही अशी तपासणी चालत आली आहे.

१५/
इंजिन तेलाचे आयुष्य वाढवणारी काही पावले तर तेलाचा विचारही न करता उचलली गेली. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला आळा घालण्यासाठी १९६१ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ च्या गाड्यांपासून देशभर एक झडप आली. पूर्वी चेंबरमधली दूषित वाफ एका नळीने रस्त्यावर सोडली जाई, आणि गाडी उभी असताना ती नीट बाहेरही पडत नसे. या झडपेने ती पुन्हा सिलिंडरमध्ये ओढून जाळली. हवा स्वच्छ व्हावी म्हणून केलेल्या या उपायाने चेंबरही स्वच्छ ठेवायला मदत केली.

१६/
शिशाचेही तसेच. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जात होते आणि जळल्यावर त्याचे क्षार तेलात उतरत. १९७५ च्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे यंत्र बसू लागले. त्याला शिसे चालत नाही, म्हणून अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल आले. भारतात ते सन २००० पासून सर्वत्र मिळू लागले. कार्ब्युरेटर जाऊन मोजून इंधन फवारणारी यंत्रणा आली, तसे तेलात उतरणारे जास्तीचे पेट्रोलही घटले. डिझेलमधील गंधक जळून आम्ल बनते आणि तेलातील आम्लरोधक रसायन खाऊन टाकते. भारत स्टेज-४ मध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षांत ५० भाग होती, ती २०२० च्या भारत स्टेज-६ मध्ये १० वर आली.

१७/
या सर्वांचा परिणाम पुस्तिकांत उमटला. १९६० च्या दशकात काही अमेरिकी पुस्तिकांतील आकडा ४,००० ते ६,००० मैलांवर गेला होता. १९८० च्या दशकापर्यंत तिथे ७,५०० मैल किंवा एक वर्ष असा सल्ला दिसू लागला. मग ‘३ महिने किंवा ३,००० मैल’ हा नियम अमेरिकेत घरोघरी कसा पोहोचला? आकडा पुढे जाण्याऐवजी मागे कसा आला? इथे रसायनशास्त्राचा इतिहास थांबतो आणि बाजाराचा सुरू होतो.

१८/
१९७० च्या दशकातील तेलसंकटांनी अमेरिकेतील पेट्रोलपंपांचा चेहरा बदलला. पूर्वी पंपावरचा माणूस पेट्रोल भरता भरता बॉनेट उघडून तेल पाहत असे आणि मागच्या गॅरेजमध्ये ते बदलूनही देत असे. स्वतः पेट्रोल भरण्याची पद्धत आली, तसा तो माणूस नाहीसा झाला. ही पोकळी जलद तेलबदलाच्या दुकानांनी भरली. १९७९ मध्ये जेम्स हिंडमन यांनी विकत घेतलेली ‘जिफी ल्यूब’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध साखळी. काही मिनिटांत काम, आणि निघताना काचेच्या कोपऱ्यात पुढच्या तारखेची चिठ्ठी. ज्या धंद्याचे उत्पन्न फेऱ्यांवर अवलंबून आहे, त्याला लहान आकडा सोयीचा असणार हे उघड आहे.

१९/
तरीही ३,००० हा आकडा निव्वळ बनाव होता, असे म्हणणे अन्याय्य ठरेल. तो पुस्तिकांतच होता. पण दुसऱ्या रकान्यात. उत्पादक दोन वेळापत्रके देत : एक सामान्य वापरासाठी, ७,५०० मैलांचे, दुसरे ‘कठोर’ वापरासाठी, ३,००० मैलांचे. कठोर वापर म्हणजे काय? इंजिन नीट तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास, कडाक्याची थंडी, धुळीचे रस्ते, जड ओझे ओढणे, तासन्‌तास उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे. दुकानांनी दुसरा रकाना उचलला आणि त्याच्या वरची अट गाळली. अटीसह जो सल्ला होता, तो अटीशिवाय नियम झाला.

२०/
या नियमाची गाजलेली परीक्षा न्यूयॉर्कच्या टॅक्सींनी घेतली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने ७५ टॅक्सींच्या इंजिनांत नवे भाग बसवून, प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालवून, शेवटी इंजिने उघडून झीज मोजली. १९९६ मध्ये निष्कर्ष छापून आला : ३,००० मैलांनी तेल बदललेल्या आणि ६,००० मैलांनी बदललेल्या इंजिनांत लक्षणीय फरक आढळला नाही. इथे एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी लागते. टॅक्सी दिवसभर चालू असते, तिचे इंजिन क्वचितच थंड होते. रोज दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून येणारी गाडी कमी चालते, तरीही तिचे तेल टॅक्सीपेक्षा अधिक हाल सोसते.

२१/
अतिविश्वासाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील टोयोटाच्या काही इंजिनांत तेलाचा घट्ट गाळ होऊन इंजिने निकामी झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत वाढल्या. तेल वेळेवर बदलले गेले नाही, असे कंपनीचे म्हणणे. आम्ही वेळापत्रक पाळले, असे अनेक मालकांचे. अखेर २००२ मध्ये कंपनीने अशा इंजिनांसाठी दुरुस्तीची खास मुदतवाढ जाहीर केली. हा वाद कशाचा होता? पावत्यांचा. ज्यांच्याकडे तेलबदलाची नोंद होती, त्यांची बाजू भक्कम ठरत होती. दस्तऐवजाचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

२२/
मैल हे माप मुळात अपुरे आहे, हे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतील शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. त्यांनी निरनिराळ्या प्रकारच्या प्रवासांत तेल कसे बिघडते हे मोजले आणि त्यावरून एक गणित बांधले. गाडीतला संगणक इंजिनाचे फेरे मोजतो आणि तेलाचे तापमान लक्षात घेतो. तेल फार थंड किंवा फार तापलेले असताना झालेला प्रत्येक फेरा अधिक महाग धरला जातो. ठरलेले फेरे संपले की दिवा लागतो. तेलात काहीही बुडवून तपासले जात नाही. हिशेब फक्त वापराचा. एकाच प्रकारच्या दोन गाड्यांना त्यामुळे वेगवेगळा आकडा मिळू लागला.

२३/
आपल्याकडे हा विचार शेतावर आधीपासूनच रूढ होता. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि त्याचे तेल तासांवर बदलले जाते. विहिरीवर पाणी उपसणारे डिझेल इंजिन तर जागचे हलतच नाही. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांची इंजिने वापरणाऱ्या शेतकऱ्याला किलोमीटरचा काही उपयोग नव्हता. शहरातील गाडीला हाच हिशेब लावून पाहावा. सरासरी ताशी ६० किलोमीटरने १०,००० किलोमीटर म्हणजे सुमारे १६७ तास. ताशी २० किलोमीटरने तेच अंतर म्हणजे ५०० तास. मीटरवरचा आकडा एकच. इंजिनाचे श्रम तिप्पट वेळ चाललेले.

२४/
युरोपात काही गाड्यांसाठी, खास दर्जाचे कृत्रिम तेल वापरण्याच्या अटीवर, ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुदत दिली गेली. त्या आकड्याच्या मागे तिथले रस्ते, तिथले इंधन आणि तो विशिष्ट दर्जा उभा आहे. भारतातील धूळ, उकाडा आणि वाहतूककोंडी यांत तो जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे. उलट, कार्ब्युरेटर आणि शिशाच्या पेट्रोलच्या काळातील प्रीमियर पद्मिनीला लावला जाणारा नियम आजच्या गाडीला लावणे म्हणजे उधळपट्टी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या काळचे आकडे मात्र अजून अनेकांच्या तोंडी आहेत.

२५/
ही उधळपट्टी केवळ पैशाची नाही. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी, साडेतीन लिटर तेल लागणारी गाडी घेऊ. दर ५,००० किलोमीटरला तेल बदलले तर वर्षाला साडेदहा लिटर वापरलेले तेल बाहेर पडते. दर १०,००० ला बदलले तर सरासरी सव्वापाच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या म्हणण्यानुसार एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोड्या पाण्याची नासाडी करू शकते. भारतातही वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन खात्याने लोकांना ३,००० मैलांचा नियम सोडून आपल्या गाडीचा खरा आकडा शोधायला सांगणारी मोहीमच चालवली.

२६/
मग आज निर्णय कसा घ्यावा? पुस्तिकेतील वेळापत्रक उघडावे आणि दोन्ही रकाने वाचावेत. आपला रोजचा वापर कोणत्या रकान्यात बसतो, हे प्रामाणिकपणे ठरवावे. गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरऐवजी महिन्यांची मुदत आधी येते, कारण उभ्या गाडीच्या तेलातही ओलावा आणि आम्ल राहतेच. पुस्तिकेने सांगितलेल्याच दर्जाचे तेल घ्यावे. मधल्या काळात डिपस्टिकवर रंग न पाहता पातळी पाहावी. कमी तेलावर चाललेले इंजिन जुन्या तेलावर चाललेल्या इंजिनापेक्षा लवकर मरते. आणि प्रत्येक तेलबदलाची पावती जपून ठेवावी.

२७/
ज्यांच्या घरी जुन्या फियाट, अँबेसिडर किंवा मारुती ८०० ची पुस्तिका अजून शिल्लक असेल, त्यांनी तिच्यातील तेलाचे पान काढून आजच्या पुस्तिकेशेजारी ठेवून पाहावे. दोन आकड्यांमधील फरकात फिल्टर, डिटर्जंट, शिसे, गंधक, चोक आणि धूळ या सर्वांचा इतिहास दडलेला सापडेल. अशा पुस्तिका रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवायला हरकत नाही. राजेरजवाड्यांची कागदपत्रे जपणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. घरातल्या गाडीची पुस्तिका जपणे मात्र घरातल्यांच्याच हाती आहे.